अष्टग्रहीतलं लग्न

शलमोन पुंजाजी तायडे गेले तेव्हा शाळेच्या शोकसभेत एकामागून एक लोक उठले आणि म्हणाले, मास्तर शांत होते, सोशिक होते, कोणाच्या अध्यात नव्हते की मध्यात नव्हते. मी मागच्या बाकावर बसून ऐकलं. सभेत बोलणं मला कधी जमलं नाही आणि लिहिणंही फारसं जमत नाही. तरी हे लिहायला बसलो, कारण मास्तर शांत नव्हते. त्यांचा आवाज लहान होता, एवढंच.

मोताळ्याच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि मी ड्रॉइंग. राहायला एकाच गल्लीत. मी माळ्याचा, ते ख्रिस्ती. त्यांचे वडील पुंजाजी डोणगावचे. गावच्या विहिरीला त्यांनी हात लावायचा नाही, लांब उभं राहायचं आणि कोणी वरून ओतलं तर घ्यायचं, अशी रीत होती. असं का, म्हणून पुंजाजींनी लहानपणी विचारलं तर उत्तर मिळालं, नशिबात लिहिलेलं आहे. पुढे मिशनच्या शाळेत ते चार बुकं शिकले आणि ख्रिस्ती झाले. मास्तर म्हणायचे, "माझ्या बापाले धर्म मागून समजला. पहिले एवढंच समजलं का आपल्या नशिबात कोणं काही लिहेल नाही. जो लिहेल हाये म्हणते, त्याच्या हातात पहा, लेखणी त्याच्याच जवळ सापडते."

मास्तर स्वतः अमरावतीला इंटर सायन्सपर्यंत शिकले. आठवडाभर ते शाळेत भिंगं आणि पाऱ्याची नळी हाताळत आणि रविवारी कौलारू चर्चमध्ये उभं राहून बायबल वाचत. कोट दोन्हीकडे तोच, काळा. या दोन गोष्टी एका माणसात कशा मावतात, हे गावाला एक कोडंच होतं. ख्रिस्ती मंडळींना वाटे की मास्तर विज्ञानानं बाटले. शाळेत वाटे की एवढा शिकलेला माणूस, पण बायबलाच्या नादी लागला. मास्तरांना दोन्हीकडून टोमणे येत आणि ते दोन्हीकडे उत्तर देत.

बायको, झुंबरबाई, लवकर वारली. मुलगी मार्था त्यांनीच वाढवली. चुलीपाशी पोरीची वेणी घालता घालता तिला पाण्याची वाफ का होते ते सांगणारा बाप मी तो एकच पाहिला. मार्था मोठी झाली, चिखलीच्या एका मुलाशी तिचं लग्न ठरलं आणि लग्नाच्या आधीच तो मुलगा विषमज्वरानं गेला. तिनं त्याला धड पाहिलंही नव्हतं. पण गल्लीत बायका म्हणू लागल्या, पोर पांढऱ्या पायाची आहे. हे ख्रिस्ती बायकाही म्हणत. देव बदलला तरी म्हणी त्याच राहतात.

दोन वर्षं कोणी विचारायला आलं नाही. मग मलकापूरहून स्थळ आलं. मुलगा पौलस, एका जिनिंग फॅक्टरीत फिटर. वडील नाहीत, आई अंबूबाई, आणि तो एकुलता एक. मुलगा सालस होता. मार्थाविषयी लोक काय बोलतात ते त्याच्या कानावर गेलं होतं आणि तरी तो आला होता. कार्तिकात बोलणी पक्की झाली.

तारखेचा प्रश्न आला. कापसाचा हंगाम सुरू झाला की जिन रविवारीही बंद नसतं. बंद असतं ते अमावस्येला, कारण अमावस्येला हमाल कामाला हात लावत नाहीत. त्यामुळे मलकापूरकडच्या जिनात काम करणाऱ्या ख्रिस्ती घरांत एक चाल पडली होती, लग्न अमावस्येला धरायचं. हिंदू माणूस ऐकून कानावर हात ठेवील, पण त्यांना ती सोयीची सुट्टी होती. पौलसनं कॅलेंडर पाहून पौषातली अमावस्या सांगितली. त्या दिवशी रविवारही होता. मास्तर खूश झाले, शाळाही बंद. चार फेब्रुवारी, साल बासष्ट.

कोणालाच माहीत नव्हतं की त्याच दिवशी जग बुडणार आहे.

महिनाभरानं ते पेपरात येऊ लागलं. मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार, अष्टग्रही होणार, भूकंप, आग, पूर, काय वाट्टेल ते होणार. आज हे वाचून कोणी हसेल. तेव्हा कोणी हसत नव्हतं. लोकांनी प्रवास रद्द केले, शहाणीसुरती माणसं मुलांना बाहेरगावाहून बोलावून घेऊ लागली. ठिकठिकाणी यज्ञ बसले. आमच्या गावातही मारुतीच्या देवळापुढे मांडव पडला. मीही घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू.

हेडमास्तर नारायणराव यज्ञाच्या समितीत होते. त्यांनी शिक्षकांच्या खोलीत येऊन सांगितलं, प्रत्येकानं घरून थोडं तूप आणावं.

मास्तर वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "माझ्या घरचं तूप भाकरीवर पडते, सर."

"तुमच्याकडून आम्ही अपेक्षाच केली नव्हती, तायडे. तुमचा धर्म वेगळा."

"धर्माची गोष्ट नाही. मी नववीले ग्रहमाला शिकवतो. सकाळी ग्रहमाला शिकवून संध्याकाळी तिले भ्याचं, हे मले नाही जमत."

नारायणराव हसले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला बरोबर कुठं टोचायचं ते ठाऊक होतं. "विज्ञानाच्या गोष्टी तुम्ही आम्हाला सांगू नका. नववीला शिकवता, पृथ्वी कोट्यवधी वर्षांची. आणि रविवारी वाचता, देवानं सहा दिवसांत जग केलं. यातलं खोटं कोणतं, ते एकदा ठरवा."

खोलीतले सगळे मास्तरांकडे पाहू लागले. मास्तरांनी पेनाला टोपण लावलं.

"त्याच पानावर आणखी लिहेल हाये, सर. सूर्य चौथ्या दिवशी केला. मंग पहिले तीन दिवस कोणत्या सूर्यानं मोजले, ते मले सांगा. तुम्ही त्या तिनाचा हिशेब द्या, मी सहाचा देतो. ज्यानं ते लिहिलं त्याले घड्याळ सांगायचं नव्हतं."

"मग काय सांगायचं होतं?"

"त्याच्या आजूबाजूचे सारे लोक सूर्याले देव म्हणत, चंद्राले देव म्हणत, ताऱ्याइले भेत. यानं त्याइचं नाव बी घेतलं नाही. म्हणे मोठा दिवा अन् धाकटा दिवा. टांगले. बस. दिव्याले कोणी विचारते का, मी आज बाहेर निघू का नोको? मले त्या पानातून एवढंच विज्ञान पाह्यजे. बाकीचं मी प्रयोगशाळेत पाहून घेतो."

नारायणराव म्हणाले, "बोलण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही," आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तर मला म्हणाले, "तुळशीराम, फळ्यावर मले आकाश काढून दे." मी सूर्य मधोमध काढला, पृथ्वी एका बाजूला आणि बाकीचे ग्रह त्यांनी सांगितले तिथं, कोणी जवळ, कोणी फळ्याच्या पार कडेला. पृथ्वीवरून पाहिलं तर सगळे एकाच दिशेला येत होते, पण एकमेकांपासून कितीतरी लांब. मी मोजले, चंद्रसूर्य धरून सातच भरले. आठवा कुठं काढू, विचारलं.

"आठवा केतू. तिथं काहीच नाही. कोरी जागा ठेव."

मग ते पोरांना घेऊन शाळेच्या फाटकाशी गेले. तिथून पाहिलं की शाळेची घंटा, तिच्यामागचं चिंचेचं झाड आणि त्याच्या मागे राजूरच्या घाटाचा डोंगर एका रेषेत येत. "पाहा, तिघं एका जागी आले. आता चिंच डोंगरावर आपटली का रे?" पोरं हसली. दुपारी त्यातल्याच काही पोरांच्या आया त्यांना हाताला धरून यज्ञाला घेऊन गेल्या.

खरी अडचण चर्चमध्ये उभी राहिली. त्यांच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत नावं पुकारतात. अमक्याची मुलगी, तमक्याचा मुलगा, यांच्या लग्नाला कोणाची हरकत असेल तर आत्ता सांगा. पहिले दोन रविवार कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या रविवारी मास्तरांनी मलाही बोलावलं. मी दाराजवळच्या सतरंजीवर बसलो.

पाळकसाहेबांनी नावं वाचली, हरकत विचारली आणि पुढचं पान उलटू लागले, तेवढ्यात किसनराव उठले. किसनराव मंडळीचे पंच, धंद्यानं शिंपी. त्यांनी गळ्यातली टेप काढून खिशात घातली. उपासनेलाही ती त्यांच्या गळ्यात राहायची.

"माझी हरकत हाये."

पाळकसाहेब गोंधळले. असं आजवर झालं नव्हतं. "कारण काय? दोघांपैकी कोणाचं आधी लग्न झालं आहे?"

"नाही."

"नात्यातली आहेत? वयानं लहान?"

"नाही जी. दिवस खराब हाये."

मला वाटलं लोक हसतील, पण बऱ्याच माना होकारात हलल्या.

मास्तर पहिल्या ओळीत होते. ते उठले. "किसनराव, पंचांग कोण्या खिशात ठेवलं ते दाखवा. बायबल त तुमच्या हातात दिसते."

"पंचांग काऊन? बायबलच काढतो. शेवटच्या दिवसात सूर्यचंद्रात चिन्हं दिसतील, हे येशूनं सांगितलं का नाही?"

"सांगितलं. अन् हे बी सांगितलं का तो दिवस कोणालेच माहीत नाही, देवदूताइले बी नाही. मंग तुमच्या पेपरवाल्याले कसा माहीत झाला? तारखेसकट?"

मागून एकजण हसला. किसनराव लाल झाले. "तुमी शाळेत पोट्ट्याइले शिकवता का माणूस माकडापासून झाला. तुमच्या तोंडून आमी बायबल ऐकायचं?"

"अमावस्येले लग्न नोको, असं म्हणत असाल तर तुमच्या पोराचं, रुबेनचं लग्न कोण्या दिवशी झालं? मी जेवलो होतो. जिन बंद होतं म्हणून अमावस्या धरली. तवा चंद्र चालला, आता चालत नाही?"

"तवा एकटा चंद्र होता. आता आठ हायेत." यावर काही बायका गंभीरपणे हो म्हणाल्या. किसनरावांना बळ आलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला आणि ते खरंच विचारल्यासारखं म्हणाले, "मास्तर, मी अडाणी. पण येशू जन्मला तवा तारा आला का नाही? पूर्वेकडच्या ज्ञानी लोकाइनं तो वाचला का नाही? दर नाताळाले तुमीच ते वाचून दाखवता. आकाशात काही लिहेलच नसते, त ते एवढ्या लांबून आले कशाले?"

मास्तरांनी हातातलं बायबल मिटलं. मला वाटलं, संपलं. त्यांच्यामागे बायकांच्या ओळीत मार्था मान खाली घालून बसली होती आणि सगळ्या बायका तिच्या पायांकडे पाहत होत्या.

"तो तारा काय होता, मले माहीत नाही," मास्तर म्हणाले. "विज्ञानाच्या पुस्तकात धुंडला, सापडला नाही. बायबलात जेवढा हाये तेवढाच हाये. माहीत नाही त माहीत नाही. पण एक दिसते, किसनराव. त्या ताऱ्यानं त्या लोकाइले घरातून बाहेर काढलं, वाटेले लावलं. तुमचा तारा माणसाइले घरात कोंडून राह्यला. दोघं एका घरचे नाहीत."

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "ही हरकत कायद्यात बसत नाही," ते म्हणाले आणि घाईनं स्तोत्र सांगितलं. पण उपासना सुटल्यावर मास्तरांना बाजूला घेऊन त्यांनी हळूच विनवलं, आठ दिवस पुढे ढकला, सगळ्यांच्याच जिवाला बरं. मास्तर नाही म्हणाले. मग पाळकसाहेब म्हणाले, "मी लावीन. कायद्यानं सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्यातच लागलं पाहिजे, नंतर लावायचा मला अधिकार नाही. पण आधी नवरदेव येतो का ते पहा. अंबूबाई नाही म्हणतात, असं ऐकलं."

ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी मास्तर मलकापूरला निघाले. मला बरोबर घेतलं. बसस्टँडवर पाहतो तर मार्था डोक्यावर पदर घेऊन उभी. लग्नाआधी मुलीनं सासरच्या दारात जायचं नसतं, त्यांच्यातही नसतं. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिघांची तिकिटं काढली.

अंबूबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मार्थाला पाहून त्यांचा हात थांबला. जिनाच्या चाळीतली ती एक खोली, बाहेर रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग. अंबूबाईंनी आम्हाला पाणी दिलं आणि सरळ म्हणाल्या, "मी भेलेली हाये, मास्तर. तुमी किती बी शिकेल असा. मले एकच पोरगा हाये. त्याचा बाप या जिनात खोकून खोकून मेला. मले अजून काही पाह्यची ताकद नाही."

मास्तरांनी ग्रह, रेषा, चिंच आणि डोंगर सगळं सांगितलं. चांगलं सांगितलं. अंबूबाई ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "बरोबर असंल. आठ दिवसानं बी बरोबरच राहीन. मंग आठ दिवसानंच करू."

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. आठ दिवसांत काय बिघडणार होतं?

तेव्हा मार्था बोलली. ती माझ्यासमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती. "आत्याबाई, दिवस बदलला त मी येत नाही."

"अवं, असं काय बोलतं बाई?"

"पहिले एक मेला, तो माझ्यामुळं मेला म्हणते सारे. आता दिवस बदलला, म्हणजे ग्रह माझ्या लग्नाले आले होते हे खरं झालं. मंग उद्या तुमची बकरी मरंल, याइचं डोकं दुखंल, जिनात काही होईन. दर खेपेले तुमी माझ्याकडे पाहसान. तुमी नाही बोलल्या त तुमचा शेजार बोलंल. मी जन्मभर तुमच्या घरात चोरावानी राहू? त्यापरीस बाबाच्या घरी बरी हाये."

पौलस दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, कामावरून तसाच आलेला, हाताला ग्रीस. त्याची आई त्याच्याकडे पाहत होती आणि तो मार्थाकडे पाहत होता.

अंबूबाईंनी तांदळाचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "चहा घ्या अन् जा," म्हणाल्या. "पाहू."

बसमध्ये मास्तर एकदाच बोलले. "हे मी वर्गात शिकवलं नाही," म्हणाले. मार्था खिडकीतून बाहेर पाहत होती.

रविवार उजाडला. गावाला कर्फ्यू लागल्यासारखं झालं होतं. दुकानं बंद, रस्त्यात कुत्रं नाही. देवळापुढून मंत्रांचा आवाज येत होता आणि तुपाचा वास सगळ्या गल्लीत भरला होता. सुपारी घेतलेले वाजंत्रीवाले आले नाहीत. आचाऱ्यानं निरोप पाठवला, कंबर धरली. मास्तरांनी स्वतः चूल पेटवली. माझ्या बायकोनं मला बाहेर पडू नको म्हणून सांगितलं होतं. मी तिला सांगितलं, वांगी चिरून देतो आणि येतो. गेलो आणि संध्याकाळपर्यंत तिथंच राहिलो. दर वेळी सुरी खाली ठेवताना आकाशाकडे पाहत होतो. आकाश निळं होतं.

दुपारी मलकापूरची बस आली. तिच्यातून कंडक्टर उतरला, पाणी प्याला आणि परत चढला. दुसरं कोणी उतरलं नाही.

चर्चमध्ये पंधरावीस माणसं जमली होती. किसनरावही आले होते. मार्थाच्या अंगात त्यांनीच शिवलेलं पांढरं पोलकं होतं. हरकत घेतली तरी काम वेळेवर दिलं होतं. पाळकसाहेब सारखे घड्याळ काढून पाहत होते. ऊन चर्चच्या भिंतीवरून वर सरकलं, कौलांवर गेलं, मग कौलांवरूनही गेलं.

किसनराव मास्तरांजवळ आले. आवाजात टोमणा नव्हता. "घरी चाला, मास्तर. पोरगी सकाळपासून उपाशी हाये."

"सात वाजले नाहीत."

"अन् वाजले म्हणजे?"

"म्हणजे उद्या सकाळी सहाले पुन्हा बसतो. उद्याच्याले बी ग्रह तिथंच हायेत."

कंदील लावायची वेळ झाली तेव्हा मलकापूरच्या रस्त्यावर मोटारीचा आवाज आला. रिकामा कापसाचा ट्रक होता. मागच्या हौद्यात पौलस उभा, नव्या शर्टात, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेला, आणि त्याचे दोन सोबती. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अंबूबाई, डोळे मिटून, दोन्ही हातांनी सीट धरून. दुपारच्या बसला त्या तयार झाल्याच नव्हत्या. पौलस एकटा पायी निघाला तेव्हा चाळीच्या कोपऱ्यापर्यंत रडत त्याच्यामागे गेल्या आणि तिथं उभा असलेला ट्रक त्यांनीच ठरवला. दुसरा कोणता ड्रायव्हर आज निघाला नसता. हा मुसलमान होता. तो खाली उतरून मला म्हणाला, "आमचे तर दोन दिवसांत रोजे लागतात, भाऊ. तेवढ्यासाठी तरी दुनिया राहायला पाहिजे ना."

अंबूबाईंनी दारात पोराला थांबवलं आणि कनवटीतून लिंबू काढलं. ओवाळून टाकणार, एवढ्यात मास्तर विहिणीच्या आडवे आले. "इवाईनबाई, या दारात नाही."

"मंग दाराच्या बाहेर करते," अंबूबाई म्हणाल्या. पोराला दंडाला धरून त्यांनी रस्त्यावर नेलं, लिंबू उतरवलं, फेकलं आणि परत आल्या. मास्तर काही बोलणार होते. आतून मार्था म्हणाली, "बाबा, सात वाजतील."

लग्न लागलं. साक्षीदारांच्या सह्यांची वेळ आली तेव्हा किसनरावांनी न सांगता खिशातून चष्मा काढून डोळ्याला लावला.

जग बुडालं नाही. मंगळवारी शाळेत नारायणराव म्हणाले, यज्ञामुळे संकट टळलं. चर्चमध्ये किसनराव म्हणाले, प्रार्थनेमुळे टळलं. मास्तर दोघांनाही म्हणाले, "टळलं म्हणायले पहिले आलं पाह्यजे." दोघांनाही ते पटलं नाही. मास्तर पुढे इतकी वर्षं शिकवत राहिले, पण त्यांच्या म्हणण्यानं गावात कोणाचं मत बदललं असं मी पाहिलं नाही. ते तरी म्हणत राहिले.

पुढच्या हंगामात, दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले होते, मलकापूरहून निरोप आला. चालत्या यंत्रावर पट्टा चढवताना पौलसचा हात ओढला गेला. जीव वाचला, दोन बोटं गेली. मास्तरांनी रजा टाकली आणि मीही टाकली. बसमध्ये त्यांचे ओठ हलत होते. मी विचारलं, प्रार्थना करता का. "नाही," म्हणाले. "तिथं काय काय बोलतील अन् मी काय काय सांगीन, ते जुळवून राह्यलो."

चाळीत बायका जमल्या होत्या. दारात अंबूबाई आणि त्यांची नणंद सोजराबाई. आत खाटेवर पौलस, हाताला मोठं बँडेज, आणि मार्था त्याला डाव्या हातानं चमचा धरायला शिकवत होती. आम्ही अजून रस्त्यातच होतो तेव्हा सोजराबाईचा आवाज ऐकू आला. तो आत ऐकू जावा म्हणूनच काढलेला होता.

"मी म्हणलं नव्हतं, वैनी? एक पहिलेच खाल्ला तिनं. त्यात अष्टग्रहीची नवरी. पांढरे पाय घरात आणले तुमी."

आत चमचा थांबला. मास्तर पुढे झाले. त्यांनी तोंड उघडलंही होतं.

"सोजरा," अंबूबाई म्हणाल्या, "पट्टा कुठचा?"

"कुठचा म्हणजे? जिनाचा."

"जिनाचा. कुजेल होता, चार खेपा पोरानं सांगितलं होतं. माझा नवरा त्याच जिनात गेला, तवा ही पोरगी शाळेत बी जात नव्हती. तवा कोणाचे पाय आले होते घरात? माझेच होते."

"तसं नाही वैनी, पण तो दिवस..."

"तो दिवस मले नोको सांगू. त्या दिवशी मी ट्रकात होती. आठ ग्रह डोक्यावर होते, अन् तू घरात गोधडीत होती. मी भेत भेत गेली, पण गेली. मी काही पाह्यलं नाही तिथं. एक पोरगी दिवसभर उपाशी बसेल होती, ते पाह्यलं. अन् पायाचा रंग म्हणशीन, त तो मी रोज पाह्यते. अंगण सारवते तवा शेणाचा असते, मंग धुते."

सोजराबाईनं पदर सावरला. बाकीच्या बायका एकेक करून उठल्या. शेवटी तीही उठली आणि आमच्या बाजूनं मान फिरवून गेली.

मास्तर तसेच उभे होते. बसमध्ये जुळवलेलं सगळं अजून त्यांच्याजवळच होतं. आत चमचा पुन्हा वाजू लागला. मार्था नवऱ्याला म्हणत होती, "सांडलं त सांडू द्या. घ्या अजून."

अंबूबाईंनी जमिनीवरची भांडी गोळा केली, आमच्यासाठी सतरंजी झटकून टाकली आणि वर पाहिलं.

"बसा जी, इवाई. उभे काऊन राह्यले?"